जुन्या मजकुराचें वेषांतर

वस्त्र बदललें म्हणून माणूस बदलत नाहीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि वस्त्र पाहूनच माणसास पाट द्यावयाचा कीं ओसरीवरूनच वाटेस लावावयाचें हें ठरतें, हेंहि आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. या दोन गोष्टी एकाच घरांत सुखानें नांदतात. माणसांच्या बाबतींत हा विरोध आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. लिहिलेल्या मजकुराच्या बाबतींतहि तो तसाच आहे, हें मात्र आमच्या ध्यानांत अगदीं अलीकडे आलें. आणि आलें तेंहि एका घरगुती कारणानें.

कारण असें. १९९९ सालीं आमच्या घरीं संगणक आला, तेव्हांपासून आम्ही त्यावर एक टिपणवही ठेवीत आलों आहों. रोजनिशी म्हणावी तर ती रोज लिहिली जात नाहीं. निबंध म्हणावे तर तेवढी लांबी व तेवढा विचार प्रत्येकांत नाहीं. वाचलेलें पुस्तक, पाहिलेलें गांव, झालेलें भांडण, आलेला राग, असें जें ज्या दिवशीं मनांत आलें तें त्या दिवसाची तारीख घालून लिहावयाचें, आणि इष्टमित्रांपैकीं ज्यांस हवें असेल त्यांस वाचूं द्यावयाचें, एवढाच तिचा क्रम. तिचा देखावा ती सुरू केली त्या वेळीं आम्हांस जमला तसा आहे: फिकट पिवळी भूमि, तपकिरी अक्षरें, डाव्या हातास वर्षांची व महिन्यांची उतरंड, आणि मजकूर वरपासून खालपर्यंत अखंड. गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या घरीं आला. त्याचा धंदाच असल्या गोष्टींचा. त्यानें वही चाळली आणि तो म्हणाला, "काका, मजकूर चांगला आहे हो, पण या अवतारात कोण वाचणार? दोन दिवस द्या मला, नवी थीम चढवून देतो. तुमचं एक अक्षर बदलणार नाही."

हें वचन त्यानें अगदीं प्रामाणिकपणें दिलें होतें. तें पाळतां येण्याजोगें होतें काय, एवढाच प्रश्न येथें आम्हांस पाहावयाचा आहे.

पहिली अडचण अक्षरांचीच निघाली. १९९९ च्या सुमारास घरोघरच्या संगणकांवर मराठी लिहीत तें एका क्लृप्तीनें लिहीत. यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरांचेच अंक सांठवावयाचे, आणि त्या अंकांवर देवनागरी वळणांचे ठसे, म्हणजे ज्यांस फॉन्ट म्हणतात ते, चढवावयाचे. आम्हांस पडद्यावर ‘क’ दिसे. यंत्राच्या लेखीं ती कुठलीशी रोमन खूण असे. ठसा जवळ असेपर्यंत सारें ठीक. ठसा हरवला कीं मराठीचें एकदम रोमन अक्षरांचें कडबोळें होई. शिवाय प्रत्येक ठसेवाल्याचा अंकांचा मेळ निराळा, त्यामुळें एकाचा मजकूर दुसऱ्याच्या ठशांत उघडावा तर तोहि अनर्थ. जगांतील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एक कायमचा अंक नेमून देणारी युनिकोड नांवाची योजना १९९१ मध्येंच प्रसिद्ध झाली होती, व तींत देवनागरी पहिल्यापासून होती. परंतु ती आमच्यासारख्यांच्या घरांत पोंचावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. तेव्हां आमच्या वहीचीं पहिलीं सातआठ वर्षें जुन्या ठशांत व पुढचीं युनिकोडांत अशी ती दुभंगली होती, आणि जुना भाग आतां आमच्या स्वतःच्या यंत्राखेरीज कोठेंहि वाचतां येत नव्हता.

तो भाग युनिकोडांत आणण्याचें काम पुतण्यानें एका यंत्रप्रणालीकडे सोंपविलें. त्यांत एक मौज आढळली. जुन्या ठशांत अक्षरें डोळ्यांस दिसतात त्या क्रमानें सांठविलीं जात. युनिकोडांत तीं जिभेवर येतात त्या क्रमानें सांठवितात. ऱ्हस्व वेलांटी आपण कागदावर व्यंजनाच्या आधीं काढतों, उच्चारतांना मात्र व्यंजन आधीं व इकार मागाहून. रफाराचें याच्या उलट: तोंडांत तो आधीं येतो, कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. यंत्रानें ही उलटापालट बहुतेक ठिकाणीं बिनचूक केली; पण जेथें रफार व इकार एकाच अक्षरावर स्वार झाले तेथें त्याची त्रेधा उडाली, आणि आमच्या वहींतील सगळ्या मूर्ति व कीर्ति भंगल्या. त्या आम्हांस एकेक करून हातानें सांधाव्या लागल्या.

म्हणजे पाहा. यंत्राच्या दृष्टीनें आमचें एकहि अक्षर पूर्वीचें राहिलें नाहीं. प्रत्येकाचा अंक बदलला, कित्येकांचा क्रमहि बदलला. वाचणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र कांहींच बदललें नाहीं. असें कांहीं घडलें कीं तत्त्वज्ञांस मोठा आनंद होतो. जपानांत इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लांकडांचें पुन्हां बांधतात. २०१३ मध्यें तें बासष्टाव्या वेळीं बांधलें गेलें. लांकूड नवें, जागाहि हातभर सरकलेली, तरी देवालय तेंच, असें तेथील लोक मानतात, आणि त्यांस वेडे म्हणण्याचा अधिकार आपल्यास नाहीं. कारण अहिल्याबाईंनीं जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वरास आपणहि तें जुनेंच स्थान समजून जातों. जें टिकावयाचें तें दगडांत नसून आकारांत व वहिवाटींत असतें, असें यावरून म्हणतां येईल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत जुनीं वस्त्रें टाकून नवीं घेणाऱ्या पुरुषाचा जो दृष्टांत आहे तोहि पुतण्याच्याच बाजूचा. आत्मा तोच, वस्त्र निराळें. मग शोक कसला?

परंतु मजकुराचा आत्मा कोणता आणि वस्त्र कोणतें, हें आधीं ठरावयास नको काय? दृष्टांतांत तें ठरलेलें आहे, म्हणून दृष्टांत सुंदर वाटतो. पुस्तकाच्या बाबतींत ती सीमा दर वेळीं नव्यानें आंखावी लागते.

मोडीचेंच उदाहरण घ्या. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, तेव्हांपासून मोडी दप्तरें बालबोधींत छापण्याचा उद्योग महाराष्ट्रांत चालत आला आहे. हें वेषांतर झालें नसतें तर आज शेंकडा नव्याण्णव मराठी माणसांस ते कागद निव्वळ रेघोट्या वाटले असते. पण मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत, आणि एका शब्दापासून दुसरा शब्द अंतर सोडून वेगळा दाखवीत नाहींत. डोक्यावरची रेघ आधींच ओढलेली असते आणि तिच्याखालीं लेखणी धांवते. मग बालबोधींत ‘दिन’ लिहावें कीं ‘दीन’ लिहावें, दोन शब्द कोठें तोडावे, वाक्य कोठें संपवावें, हें सगळें छापणारा ठरवितो. त्याच्या ठरविण्यावर क्वचित् एखाद्या घराण्याची वतनदारीहि लटकत असते. हें वस्त्र कीं हा अर्थ? आम्हांस तरी हें वस्त्राचें काम वाटत नाहीं. जो मोडी वाचतो तो मजकुरांत आपलें थोडें ज्ञान घालतो. तें चांगलें असल्यास आपण त्यास संपादन म्हणतों व नसल्यास अपपाठ म्हणतों, इतकेंच.

कांहीं वेळां तर वस्त्र हेंच मतप्रतिपादन असतें. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं पुरस्कारिलेल्या लिपिशुद्धीप्रमाणें इ, ई, उ, ऊ हीं निराळीं अक्षरें न ठेवतां ‘अ’ लाच वेलांटी व उकार देऊन अि, अी, अु, अू असें लिहावयाचें असे. ‘किर्लोस्कर’ मासिकानें ती रीत उचलली होती, आणि त्या काळचे अंक ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांस ‘अितर’ व ‘अुद्योग’ हे शब्द आठवत असतील. आज कोणी त्यांतील लेख काढून, वाचकांची सोय म्हणून, ‘इतर’ व ‘उद्योग’ असे छापले तर लेखाचें एक वाक्यहि बदलत नाहीं. पण त्या मासिकाचा जो हट्ट होता, लिपि यंत्रास सोपी करून दाखवूं हा जो त्या पिढीचा आवेश होता, तो पानावरून पुसला जातो. सोय झाली, आणि एका वादांतील साक्षीदार मुकाट्यानें घरीं पाठविला गेला.

हीच गोष्ट आमच्या अनुस्वारांची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानें १९६२ मध्यें मान्य केल्यापासून शाळांतून अनुच्चारित अनुस्वार गेले. आमच्या हातास तीं टिंबें वडिलांनीं लावलीं, आणि तीं अजून सुटत नाहींत. या मासिकाच्या संपादकांनीं आमची ही खोड चालवून घेतली आहे याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. पुतण्याचें म्हणणें असें कीं, नव्या पानावर तीं डोळ्यांत खुपतात, जणूं कोणी मिरीं सांडलीं आहेत. एका कळीसरशीं तीं सगळीं काढून टाकतां येतील. येतील खरीं. परंतु ‘तें’ म्हणजे एक वस्तु आणि ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष, हा भेद त्या टिंबानें सांभाळलेला आहे. तें काढल्यावर आमचीं कांहीं वाक्यें दोन अर्थांचीं होतात. शिवाय गंमत अशी कीं, ज्या पिढीनें ‘केलें’ वरील टिंब निकामी ठरवून काढलें, तीच पिढी बोलण्याप्रमाणें लिहितांना ‘केलं’ वर टिंब देते. गेलेला पाहुणा मागल्या दारानें परत आलेला आहे. असो, हा वाद येथें वाढविण्याचें कारण नाहीं. टिंबें राहिलीं.

या साऱ्या गोष्टींत आम्हांस कांहीं पाप दिसत नव्हतें. सोयीचा व निष्ठेचा थोडा तंटा दिसत होता, आणि तो घासाघीस करून मिटण्याजोगा होता. खरी गोष्ट पुढें आली ती नव्या साजाचा नमुना पुतण्यानें आमच्यापुढें ठेवला तेव्हां.

नमुना देखणा होता, हें कबूल केलें पाहिजे. पांढरी स्वच्छ भूमि, टपोरीं अक्षरें, भ्रमणध्वनीच्या हातभर नव्हे, वीतभरहि नव्हे अशा पडद्यावरहि ओळ न तुटतां मावणारी. आमच्या बहुतेक मित्रांनीं साठी ओलांडली आहे. त्यांच्या डोळ्यांच्या दृष्टीनें हा उपकारच. पण डाव्या हाताची वर्षांची उतरंड गेली होती. तिच्या जागीं सारख्या आकाराच्या चौकटी आल्या होत्या, एकेका चौकटींत एकेक टिपण, वर एक चित्र, आणि खालीं हें वाचावयास किती मिनिटें लागतील त्याचा आंकडा. टिपणांचा क्रम लिहिल्याचा नव्हता. जें अधिक वाचलें गेलें तें वर, जें कमी तें खालीं. तारीख शोधली. ती नव्हती. "तारीख पाहिली की लोक जुनं म्हणून पुढं जातात," पुतण्या म्हणाला. "नवी थीम ती मुद्दामच झांकते. मजकूर सदाबहार दिसतो."

आणि सर्वांत वरच्या चौकटींत आमच्या वडिलांवरील टिपण होतें.

त्याविषयीं सांगणें भाग आहे. आमचे वडील, अण्णा, संगमेश्वर तालुक्यांतील आमच्या गांवीं जन्मभर राहिले. आई गेल्यावर तीन वर्षें तेथें एकटे राहिले. २००३ मध्यें आम्हीं त्यांचें मन वळविलें. ‘वळविलें’ हा शब्द त्या वेळचा, आज आम्ही दुसरा योजूं. घर विकलें आणि अण्णांस पुण्यास आणलें. ज्या रात्रीं त्यांचें सामान लागलें त्या रात्रीं आम्हीं तें टिपण लिहिलें. त्यांत म्हाताऱ्या माणसांच्या गांव न सोडण्याच्या आग्रहाचें विवेचन आहे, चार दिवसांत ते रुळतील असें भाकित आहे, आणि शेवटीं एक वाक्य आहे कीं, म्हातारपणचा हट्ट म्हणजे भीतीला दिलेलें अभिमानाचें नांव होय. हें वाक्य मित्रांस फार आवडलें. दोघांनीं तें आपल्या भाषणांत घेतलें. त्याच वाक्यामुळें तें टिपण अधिक वाचलें गेलें होतें, आणि अधिक वाचलें गेलें म्हणून यंत्रानें त्यास आमच्या साऱ्या लेखनाचें मुखपृष्ठ केलें होतें.

अण्णा रुळले नाहींत. त्यांनीं तक्रार केली नाहीं, त्यामुळें तें आमच्या उशिरां ध्यानांत आलें. पावसाळ्यांत ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरींत उभे राहून गांवाकडच्या पऱ्ह्याला पाणी आलें असेल काय असें रोज विचारीत. त्याचें उत्तर आमच्यापाशीं नसे, आणि आम्ही वर्तमानपत्रांतील पावसाचा आंकडा वाचून दाखवीत असूं. २००५ च्या वैशाखांत ते गेले. त्यानंतर महिन्याभरानें आम्हीं दुसरें टिपण लिहिलें. तें लहान आहे, त्यांत चमकदार वाक्य एकहि नाहीं, आणि म्हणून तें फारसें कोणी वाचलेलें नाहीं. यंत्रानें त्यास शेवटच्या रांगेंत बसविलें होतें.

जुन्या मांडणींत हीं दोन टिपणें आपापल्या महिन्यांत होतीं. जो कोणी पहिल्यापर्यंत पोंचे त्यास मध्यें दुसरें ओलांडून जावें लागे, कारण वही अलीकडून पलीकडे उघडत असे. पिवळी भूमि, तपकिरी अक्षरें, डोक्यावर २००३ चा आंकडा, या सर्वांवरून तो समजे कीं, हें लिहिणारा माणूस वीसेक वर्षांपूर्वींचा आहे, आणि त्यास पुढें काय व्हावयाचें तें ठाऊक नव्हतें. जुन्या वेषाचा हा मोठा गुण आम्हांस आजवर दिसलाच नव्हता. जुना वेष वाचकास सांगतो कीं, या बोलण्यास क्षमा करावयाची कीं नाहीं तें तूं पाहा, पण हें आजचें बोलणें नव्हे. नव्या वेषांत तेंच वाक्य, अक्षराचाहि फरक न होतां, आजचें होतें. काल बोललेलें आज पुन्हां उच्चारल्यासारखें होतें. आणि जें आज आपण मानीत नाहीं तें आजच्या आवाजांत वाचकाच्या कानीं घालणें, यास आम्हीं तरी दुसरें नांव शोधून पाहिलें आणि मिळालें नाहीं. तें असत्य आहे. एकहि शब्द खोटा नाहीं, आणि सबंध पान खोटें आहे.

चित्राविषयीं वेगळें सांगावयास नको होतें, पण राहवत नाहीं. टिपणावर यंत्राच्या भांडारांतून एक वृद्धाचें चित्र आणून बसविलें होतें. पांढरी दाढी, निळे डोळे, मागें बर्फ. अण्णांनीं जन्मांत बर्फ पाहिला तो लग्नकार्यांतील पन्ह्यांत.

मग आम्हांस मोह झाला. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर चौकटी व चित्र पाहून जो संताप आला त्याच्या मागोमाग हा मोह आला, आणि संतापाच्या आडूनच आला. टिपण जुन्या ठशांतील होतें. रूपांतरांत त्यांतील कांहीं शब्द फुटले होते, ते सांधण्यासाठीं तें आमच्यापुढें उघडें होतें. लेखणी हातांतच होती. ‘नांव होय’ याच्या जागीं ‘नांव असेल काय?’ असें केलें असतें तर कोणाच्या ध्यानांत येणार होतें? एक विधान प्रश्न झालें असतें, आणि आम्ही २००३ मध्येंच शहाणे ठरलों असतों.

लेखकास आपल्या लेखनांत फेरफार करण्याचा हक्क नाहीं काय? आहेच. वर्डस्वर्थनें आपल्या मनाच्या जडणघडणीवरील दीर्घकाव्य १८०५ मध्यें पुरें केलें आणि पुढें हयातभर तें तो दुरुस्त करीत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर १८५० मध्यें तें छापलें गेलें. तारुण्यांत फ्रेंच राज्यक्रांतीनें वेडावलेल्या या कवीनें उतारवयांत त्या काव्यांत क्रांतीचा कट्टा वैरी जो बर्क त्याचें स्तोत्र घातलें. १९२६ मध्यें मूळचा १८०५ चा पाठ प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून रसिकांनीं आपलीं मतें दिलेलीं आहेत, आणि पुष्कळांचीं मतें तरुणाच्या बाजूस पडलीं आहेत. तरीहि आम्ही वर्डस्वर्थास दोष देत नाहीं. काव्य हें पुरें व्हावयाची वस्तु आहे. तें केव्हां पुरें झालें हें कवीनें म्हणावें. मात्र ज्या लिखाणाच्या डोक्यावर तारीख आहे तें त्या अर्थानें लेखकाचें उरत नाहीं. तें त्या दिवसाचें होतें. वाण्याच्या चोपडींत नोंद चुकली तर तो ती खरवडून काढीत नाहीं. आजच्या मितीस उलट नोंद घालून ती फेडतो. खरवडलेल्या चोपडीस कोर्टांत किंमत नसते, मग खरवडलेला आंकडा खरा कां असेना.

येथें दुसरा एक पक्ष आहे आणि तो आम्हांस अधिक जड वाटतो. आमच्या खरेपणाची ही सारी उठाठेव अण्णांच्या जिवावर चालली आहे. त्यांस कोणी विचारलें नव्हतें कीं, तुमच्याविषयीं असें लिहूं काय. त्या टिपणांत ते हट्टी म्हातारे म्हणून येतात, आणि आम्ही तें जतन करून आपल्या सत्यनिष्ठेचा गौरव करून घेतों. मृताची बेअदबी कायम ठेवून स्वतःस प्रांजळ म्हणवून घेणें, हाहि एक प्रकारचा चोरटेपणाच नव्हे काय? पुतण्यानें हेंच निराळ्या शब्दांत विचारलें. तो त्या वेळीं सात वर्षांचा होता, आणि आजोबा त्यास गॅलरींतून कागदाच्या होड्या टाकूं देत एवढेंच त्यास आठवतें. "काका, हें ठेवायलाच हवं का? तुम्ही म्हणाल तर मी फक्त ते एक रूपांतर करीत नाही. जुन्या ठशातच राहील. काढलंही नाही, नि कोणाला वाचताही येणार नाही."

ही युक्ति आम्हांस दोन दिवस पटली होती. तींत एक भक्तीचा सुवास होता: इतर सर्वांनीं नवीं वस्त्रें नेसावीं, आणि हें एकच जुन्या वस्त्रांत कोनाड्यांत असूं द्यावें. तिसऱ्या दिवशीं आमच्या लक्षांत आलें कीं, हें पुरणें आहे. आणि पुरतांना आपण कोणास झांकतों आहों तेंहि लक्षांत आलें. टिपण वाचून अण्णा लहान ठरत नाहींत. आम्ही लहान ठरतों. दुसरें टिपण ज्यानें वाचलें आहे त्यास तर त्या हट्टांत भीति नव्हती हें कळतेंच. लाज आमची होती, आणि आम्हीं तिला अण्णांच्या अब्रूचें नांव दिलें होतें. २००३ च्या त्या वाक्यावरून आमचें बोट पुन्हां एकदां फिरलें, तें असें.

मोंतेन या फ्रेंच निबंधकाराचा मार्ग आम्हांस या कामीं आदरणीय वाटतो. त्याचे निबंध प्रथम १५८० मध्यें निघाले, वाढवून १५८८ मध्यें निघाले, आणि त्यानंतर १५९२ मध्यें मरेपर्यंत तो आपल्या प्रतीच्या समासांत लिहीतच होता. ती प्रत बोर्दो येथें जपून ठेविलेली आहे. मी भर घालतों, दुरुस्ती करीत नाहीं, अशा अर्थाचें त्याचें सांगणें होतें. तें त्यानें तंतोतंत पाळलें नाहीं, पण बव्हंशीं पाळलें. त्यामुळें आजच्या चांगल्या आवृत्तींतून कोणतें वाक्य कोणत्या वयाचें हें खुणांनीं दाखवितां येतें. आपल्याकडे नाथांनीं १५८४ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठभेदांनीं गढूळलेली प्रत निवळण्यासाठीं; आपल्या ओव्या तींत कोणी मिसळूं नयेत असा दंडकहि त्यांनीं घालून दिला. तरी राजवाड्यांनीं एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून १९०९ मध्यें जी ज्ञानेश्वरी छापली ती भाषेचीं अधिक जुनीं रूपें मिळावीं याच हेतूनें. शुद्ध करणारा कितीहि थोर असला तरी त्याच्या आधींचें पान पाहावेंसें वाटतें, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्यांत अनादर नाहीं.

तेव्हां जें ठरलें तें सांगून टाकतों. युनिकोड आम्हीं आनंदानें पतकरलें. तें न पतकरणें म्हणजे वही दहा वर्षांत जाळणेंच होतें. मोठीं अक्षरें व पांढरी भूमि पतकरली. चौकटी गेल्या, मिनिटांचे आंकडे गेले, निळ्या डोळ्यांचा वृद्ध गेला. तारीख प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर मूळच्यापेक्षांहि ठळक केली, आणि क्रम पूर्वींप्रमाणें काळाचाच ठेवला. "मग नवं काय झालं?" असें पुतण्यानें विचारलें, आणि त्याचा हिरमोड आम्हांस दिसला; त्याचे दोन दिवस नव्हे, बारा दिवस गेले होते. जुन्या साजाची एक पुरी प्रत त्यानें न सांगतां वेगळी काढून ठेवली आहे, हें मात्र त्यानें आमच्यापेक्षां अधिक शहाणपणाचें केलें.

२००३ चें टिपण सर्वांबरोबर युनिकोडांत आलें. त्यांतील फुटलेले चार शब्द सांधले. पांचव्यास हात लावला नाहीं. त्याखालीं आजची तारीख घालून एक ओळ लिहिली आहे: २००५ च्या ज्येष्ठांतील टिपण पाहावें. यापेक्षां अधिक लिहावयास बसलों कीं वाक्य चमकूं लागे, म्हणून तेवढ्यावरच थांबलों.

चित्राची जागा रिकामी आहे. पुतण्याच्या घरीं अण्णांचें एक छायाचित्र आहे. गांवच्या घराच्या पडवींत, हातांत अडकित्ता, नजर आपल्याकडे नसून पागोळ्यांकडे. तें तेथें लावूं का, असें त्यानें गेल्या आठवड्यांत विचारलें. आम्हीं त्यास अजून उत्तर दिलेलें नाहीं.